आबांचा जुना करार

आमच्या घरात जुना करार कधी संपत नसे. दादा, माझा थोरला भाऊ, वाचायचा आणि आबा, आमचे वडील, ऐकायचे. वाचता वाचता मेंढरांची, विहिरींची, तंबूंची पानं मागं पडली आणि राजे आणि लढाया सुरू झाल्या, की आबा हात वर करून म्हणायचे, आता पयल्यापासनं घे. त्यामुळे आमच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, सुरुवातीची पानं हाताळून तेलकट, मऊ पडली होती, कडेला माडग्याचे डाग होते, आणि शेवटची, नव्या कराराची पानं दुकानातून आणल्यासारखी कडक होती. उलटताना ती वाजायची. दादाला तीच पानं आवडायची. तो ती एकटा असताना वाचायचा, दुपारी, कालव्याच्या कडेला चिंचेखाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर मात्र आबांना हवं ते वाचायचा.

बारामतीजवळ, पिंपळीच्या पुढं कालव्याला लागून आमची वस्ती. दोन खोल्या, पुढं पडवी, अंगणात थोडी मेंढरं. आजोबांच्या काळात कळप एवढा होता की पुढचं मेंढरू ओढ्यात उतरलं तरी मागचं अजून पिंपळीच्या वेशीत असायचं, असं आबा सांगायचे. माझ्या आठवणीत रानात उसाचं टिपरू आलेलं होतं, मेंढरं चारायला कोकणात उतरणं थांबलेलं होतं आणि मेंढरं घरापुरती राहिली होती. कालव्याला पाणी सुटलं की रात्रभर घराला एक संथ घरघर लागून राहायची. पाणी बंद झालं की उलट झोप यायची नाही. दादा वाचायला लागला की आई भिंतीला टेकून चाती फिरवायची. लोकरीचा धागा तिच्या बोटांतून उतरायचा आणि तिचं लक्ष दादाच्या आवाजाकडे असायचं. जेवायला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. हुलगे आईच्या माहेराहून, कळंबहून यायचे, आणि आजी ते देताना दरवेळी म्हणायची की देव बदलला तरी माडगं बदलू नका. आजही मी माडगं करते. माझ्या घरात ते कुणाला आवडत नाही, म्हणून एकटीपुरतं करते.

आबांना अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं ते विसरत नसत. अब्राहाम, इसहाक, याकोब ही त्यांच्या दृष्टीने चार गावं पलीकडची माणसं होती. याकोबाने मामाच्या दोन्ही पोरी केल्या हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, बघा, आपल्यातलाच हाय. पण त्याच याकोबाने पाण्यात सोललेल्या काठ्या ठेवून ठिपक्यांची कोकरं काढली, हे त्यांना कधी पटलं नाही. काठ्या दाखवून ठिपके पडत असते तर इंदापूरच्या बाजारात काठ्यांचाच भाव चढला असता, असं ते म्हणायचे. दादा हसायचा आणि म्हणायचा, आबा, ते देवानं केलं. आबा म्हणायचे, देवानं केलं असंल, पण मामाला मात्र याकोबानं स्वतःच्या अकलीनं गंडवलाय.

आम्ही ख्रिस्ती कसे झालो ते सांगत बसत नाही; त्यात माझ्या आठवणीपेक्षा इतरांचं सांगणंच जास्त आहे. मला आठवतो तो बाप्तिस्म्याच्या दिवशीचा कालवा. पाणी छातीएवढं होतं, आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पांढरा शर्ट घालून पाण्यात उभे होते, आबा डोकीवरचा पटका काठावर ठेवून उतरले आणि पाण्याखाली जाऊन वर आले तेव्हा मेंढरू धुतल्यावर अंग झाडतं तसं त्यांनी अंग झाडलं. काठावर माझा चुलता, तात्या, उभा होता. त्या वर्षी कुळाच्या देवाचं बकरं आमच्याकडून गेलं नाही. बकरं गेलं नाही म्हणजे वाटाही आला नाही. दरवर्षी प्रत्येक घरी पानात गुंडाळून मटणाचा वाटा यायचा. तो ज्याच्या घरी आला तो भावकीत, नाही आला तो बाहेर, इतकं ते साधं होतं. आबांनी ते सोसलं. पण त्या दिवशी संध्याकाळी ते अंगणात वाटेकडे तोंड करून बसले होते, हे मी पाहिलं आहे.

पाळकसाहेब बारामतीहून दर गुरुवारी सायकलवर यायचे. वयाने तरुण होते, दादापेक्षा फार मोठे नसतील. बारामतीत एका भाड्याच्या खोलीत आमची ख्रिस्ती मंडळी जमायची. तिचे ते पाळक. त्यांना वाटायचं की आबांनी आता नव्या कराराकडे यावं. एकदा त्यांनी शंभर मेंढरांतलं एक हरवल्याची गोष्ट सांगितली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नव्याण्णव रानात सोडून एका मागं जाणारा धनगर म्या तरी पायला न्हाय. लांडगा काय वाट बघत बसंल व्हय?" आम्हाला वाटलं पाळकसाहेब अडले. पण ते म्हणाले, "तसं कुणी करत नाही, आबा. म्हणूनच ती गोष्ट सांगितली."  आबा आईला म्हणाले, साहेबांना ताक दे.

दोन करारांमधला फरक पाळकसाहेबांनी आमच्या पडवीत जितका सोपा करून सांगितला तितका पुढं मी कुठंही ऐकला नाही. ते म्हणाले, जुना करार दगडावर लिहिलेला होता, बाहेरून वाचायचा आणि पाळायचा. माणसाला तो पाळता आला नाही. पाप झालं की रक्त, पुन्हा पाप झालं की पुन्हा रक्त, वर्षानुवर्षं तेच. बळी देणाऱ्या याजकालासुद्धा आधी स्वतःसाठी जनावर कापावं लागायचं. मग देवाने संदेष्ट्याकडून सांगितलं की मी नवा करार करीन, तो माणसांच्या अंतःकरणात लिहीन, आणि त्यांची पापं पुन्हा आठवणार नाही. तो करार ख्रिस्ताच्या रक्ताने झाला, एकदाच आणि सगळ्यांसाठी. आता सुरी खाली ठेवायची. आधीची सगळी कोकरं ही त्या एका कोकराची सावली होती. दादा हे ऐकताना पुढं झुकून बसला होता. आबांनी मान डोलावली. पण महिन्यातून एकदा बारामतीला प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाची भाकर आणि रक्ताचा प्याला घ्यायला, जाऊन आले की आबा वाटेत कधीतरी हळूच म्हणायचे, एवढुशा तुकड्यानं आन घोटभर द्राक्षाच्या पाण्यानं माणूस बांधला जातोय व्हय? वाटा कसा हातात जड लागाया पायजे.

दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला कावीळ झाली. ती बरी झाली असं आम्हाला वाटलं आणि ती परत आली. बारामतीच्या डॉक्टरांनी जमेल ते केलं, मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं आम्ही पुष्कळ दिवस काढले, आणि एके दिवशी डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, त्याला जे खावंसं वाटेल ते द्या. आबांना त्याचा अर्थ कळला. परत येताना एसटीत बारामतीपर्यंत त्यांनी दादाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दादाचं पोट फुगलेलं, पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे. मंडळीची माणसं आली, उपास केले, कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. पाळकसाहेब गुरुवारी येत होते ते आता एक दिवसाआड येऊ लागले. दादा त्यांच्याशी शांतपणे बोलायचा. त्याला मरणाचं भय वाटत होतं का, हे मला सांगता येणार नाही. पण त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती त्याने स्पष्ट मागितली. त्याला एकदा प्रभुभोजन घ्यायचं होतं. आजारपणामुळे त्याला बारामतीला जाता आलं नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगितलं की मी भाकर आणि प्याला घेऊन घरीच येतो.

याच दिवसांत आबांनी एक कोकरू वेगळं बांधलं. नर, वर्षाचं, पांढरंशुभ्र. ते त्यांनी कळपातून कसं निवडलं ते मी पाहिलं होतं. एकेकाचे पाय उचलून खूर बघितले, ओठ वर करून दात बघितले, लोकर फुंकर मारून बाजूला सारून कातडी बघितली. आम्हाला वाटलं विकायचं असेल. तात्या बांधावरून जाताना थांबला. बोलणं तुटलेलं असलं तरी तो टोमणे मारायला थांबायचा, आणि दादा आजारी पडल्यापासून टोमण्यांच्या निमित्ताने चौकशी करून जायचा. म्हणाला, "आबा, आपला देव बकरं मागत व्हता म्हून सोडलास. आता तुझा देव कोकरू मागाया लागला व्हय? मंग बदललं काय, नुसतं जनावरच?" आबा म्हणाले, "तू जा बाबा तुझ्या कामाला." पण तात्याला जे दिसलं ते आम्हाला दिसलं नव्हतं.

इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले त्या रात्रीची हकिगत दादाने आबांना कितीदा वाचून दाखवली असेल. प्रत्येक घरातला थोरला मुलगा मरणार होता, आणि ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त असेल ते घर ओलांडून मरण पुढं जाणार होतं. आबांना त्यातली एकेक अट कोकणच्या वाटेवरच्या मुक्कामांसारखी पाठ होती. कोकरू वर्षाचं, नर, निर्दोष. काही दिवस वेगळं ठेवायचं. दिवस कलल्यावर कापायचं. उकडायचं नाही, अख्खं भाजायचं. हाड मोडायचं नाही. कडू पाल्याबरोबर, बिनखमिराच्या भाकरीबरोबर खायचं, तेही उभ्याने, वहाणा घालून, हातात काठी घेऊन. आणि सकाळपर्यंत कुणी दाराबाहेर पडायचं नाही. आज मला वाटतं, मंडळीत दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. त्यांना ती फार जुनी, दूरच्या देशातली गोष्ट वाटायची. आबांना ती कालची वाटायची. आणि थोरला मुलगा तर घरात पडून होता.

आबांनी जन्मभर मेंढरं राखली, पण एकही स्वतःच्या हाताने कापलं नव्हतं. आमच्याकडे त्यासाठी मुलाणी यायचा. राखणाऱ्याने कापू नये असं आजोबांपासून चालत आलेलं. त्या दिवशी मुलाण्याला बोलावलं नाही, कारण घरच्या कर्त्याने कापायचं असं लिहिलेलं होतं. आई आणि मी दादाचं अंग पुसत होतो. बाहेरून कोकराचा आवाज आला, मग आबांचा, आणि बराच वेळ दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून येत राहिले. आबांना सुरी नीट चालवता येत नव्हती. ते कोकराला चुचकारत होते, रोज पाण्यावर नेताना चुचकारायचे तसं. मग एकच आवाज राहिला. मी दारात आले तेव्हा त्यांनी जर्मन धातूच्या पातेल्यातल्या रक्तात तरवडाची जुडी बुडवली होती. शास्त्रात सांगितलेलं झुडूप आमच्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं, तरवड ओढ्याला भरपूर होता. त्यांनी चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि वर गणेशपट्टीला रक्त लावलं. ख्रिस्ती झालो तरी आमच्याकडे वरच्या लाकडाला गणेशपट्टीच म्हणत. बाभळीचं जुनं लाकूड, त्याने ते लगेच शोषून घेतलं, म्हणून त्यांनी पुन्हा लावलं.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही आत उभ्याने जेवलो. अंगणातल्या खड्ड्यात भाजलेलं मांस बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं होतं. आईने भाकरी केली होती. आमच्या भाकरीत खमीर कधी नसतंच. कडू म्हणून कडुलिंबाचा पाला होता. आबांनी सगळ्यांना वहाणा घालायला सांगितल्या. दादाच्या वहाणा घेऊन ते खाटेजवळ बसले आणि त्याच्या सुजलेल्या पायांत त्या घालायला लागले. त्या जाईनात. त्यांनी अंगठा तरी अडकवायचा प्रयत्न केला, तोही अडकेना, तेव्हा त्यांनी त्या त्याच्या तळव्यांना टेकवून ठेवल्या. एक घास त्याच्या ओठांना लावला. दादाने तोंड बाजूला केलं नाही, पण घास गिळलाही नाही. तो म्हणाला, "आबा, हे झालंय एकदा. परत करायचं नसतंय."

आबा म्हणाले, "तुझ्यासाठी झालं न्हाय अजून."

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. पाळकसाहेब अंगणात आले, खांद्याला पिशवी होती, आणि दाराशी येऊन थांबले. त्यांनी आधी खड्ड्यातली राख पाहिली, मग चौकट. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात राग नव्हता. रस्त्यात अचानक विहीर लागल्यावर माणूस दचकतो, तसे ते मागं सरकले.

"आबा, हे काय केलंत?"

"लिवलंय तसं केलंय. या आत. ह्याच्याखालनं आलात तर तुमालाबी काय व्हणार न्हाय."

पाळकसाहेब म्हणाले की हा प्याला घेऊन मी या रक्ताखालून येऊ शकत नाही. आलो तर, जे रक्त एकदाच सांडलं ते पुरलं नाही असं मी माझ्या पायांनी म्हटल्यासारखं होईल. ते फार हळू बोलत होते. "पाणी मारून पुसून घ्या, आबा. एवढंच करा. मी इथंच उभा आहे."

"सकाळच्याला पुसतो."

"सकाळपर्यंत..." पाळकसाहेबांनी वाक्य पुरं केलं नाही.

"म्हून तर लावलंय," आबा म्हणाले. "सकाळ व्हावी म्हून."

दादाने हे सगळं ऐकलं. तो कोपरावर उठायचा प्रयत्न करत म्हणाला, उंबऱ्यावरनं द्या साहेब. मी पुढं झाले, म्हटलं, माझ्या हातात द्या, मी त्याला पाजते. पाळकसाहेबांनी पिशवीतून प्याला काढला. त्यांचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. हातसुद्धा त्या चौकटीखालूनच आत येणार होता. माझाही हात अजून आतच होता, कारण आबांनी माझं मनगट धरलं होतं. सकाळपर्यंत कुणी बाहेर जायचं नव्हतं, हातानेही नाही. मग आई उठली. तिने घागरीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि ती चौकटीकडे निघाली. ती कधी आबांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. आबांनी तिला अडवलं नाही. ते फक्त म्हणाले, "पूस. पण मंग पोराचं काय झालं, तर ते तुझ्या हातानं झालं."

आई चौकटीपाशी उभी राहिली. ओल्या फडक्याचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. किती वेळ उभी होती मला माहीत नाही. मग तिने फडकं खाली ठेवलं आणि जाऊन दादाच्या उशाशी बसली. आबांनी दार लावून घेतलं.

पाळकसाहेब लगेच गेले नाहीत. दाराबाहेर बसून ते मोठ्याने प्रार्थना करत राहिले आणि आतून दादाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत राहिले. नंतर सायकल गेल्याचा आवाज आला. तांबडं फुटायच्या आत दादा गेला.

सकाळी आबांनी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बातमी कळल्यावर तात्या आधी आला, बोलणं तुटलं होतं ते त्या सकाळी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, आणि तो फावडं घेऊन रानाच्या कडेला खड्डा खणायला गेला. आत आई आणि बायका होत्या. आबा अंगणात कोकराचं कातडं पसरून बसले होते. ते लोकर बोटांनी विंचरत होते, फुंकर मारत होते, उन्हाकडे धरून बघत होते. पाळकसाहेब आले तेव्हाही ते तेच करत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठं तरी डाग असंल. तुमाला दिसतोय का बघा साहेब."

पाळकसाहेब त्यांच्याशेजारी मातीत बसले. म्हणाले, कोकरात डाग नव्हता, आबा. त्या कोकराची गरजच नव्हती.

आबांनी कातडं खाली ठेवलं. "माझ्या कोकराची गरज न्हवती, म्हंजी त्येचं रगत आधीच हुतं ह्या घरावर. मंग ते का न्हाय दिसलं मरणाला?"

याचं उत्तर आहे. मी पुढं शिकले, पदवी घेतली, शिक्षिका झाले, आणि ते उत्तर मला चार-पाच प्रकारे देता येतं. नव्या करारात देहाच्या मरणापासून सुटका सांगितलेली नाही, पापाच्या मरणापासून सांगितली आहे, हे मी सांगू शकते. पाळकसाहेबांनाही ते सांगता आलं असतं. पण खड्डा खणल्याचा आवाज येत होता आणि ते बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. आणखी पुष्कळ गोष्टींबद्दल आहे. दादानंतर मला बारामतीच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली ती त्यांनीच. माझ्या कॉलेजच्या अर्जापासून पहिल्या नोकरीपर्यंत ते माझ्यामागं उभे राहिले. दादाने जे पुरं करायचं ते मी पुरं केलं असं लोक म्हणतात. मी मान डोलावते.

आबा मात्र त्या दिवसानंतर त्या चौकटीखालून आत गेले नाहीत. कुणाला काही सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. फक्त गेले नाहीत. पाऊस असो की थंडी, ते मेंढरांच्या छपरात घोंगडं पांघरून झोपायचे, आई ताट अंगणात आणून द्यायची. रक्ताचे डाग आईने पुढं कधीतरी घासून काढले, तरी आबा बाहेरच. ते बारामतीला मंडळीत गेले नाहीत आणि तात्याने दोनदा बोलावूनही कुळाच्या देवाला गेले नाहीत. मला सुटी लागली की मी त्यांच्याजवळ छपरात बसायचे. वाचू का, असं एकदाच विचारलं. ते म्हणाले, कुठलं वाचशील?  आईने फडकं खाली ठेवल्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण म्हातारपणी तिचे हात ओले असले की ती ते पुसल्याशिवाय कशालाही लावत नसे, आणि पुसून झाले तरी पुसत राही.

दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी आमच्या मंडळीतल्या बायका मला जुना करार आणि नवा करार यांवर बोलायला सांगतात. मी शिक्षिका असल्यामुळे मला ते नीट मांडता येतं. सावली आणि वस्तू, दगड आणि अंतःकरण, पुन्हापुन्हा आणि एकदाच. बायका लक्ष देऊन ऐकतात, काही जणी डोळे पुसतात. मी सांगते ते खरं आहे असंच मी मानते. घरी आल्यावर मला दिवसभर काही खाववत नाही.

आबा छपरातच आजारी पडले. आत नेऊ का विचारलं तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. पाळकसाहेब तेव्हा निवृत्त झाले होते, सायकल सुटली होती, त्यांना त्यांच्या मुलाने मोटारीतून आणलं. खांद्याला तशीच पिशवी होती. आबा बाहेर असल्यामुळे त्यांना कुठलंही दार ओलांडावं लागलं नाही. ते वाकून छपरात आले, घोंगड्यावर आबांशेजारी बसले, फडकं सोडून त्यावर भाकर ठेवली, प्याला भरला.  म्हणाले, "आबा, घ्या. आज तरी घ्या."

आबांनी प्याल्याकडे बघितलं. "हे थोरल्याला आणलं व्हतं, तेच का?"

"तेच, आबा."

"मंग ते त्येचं हाय. म्या कसं घेऊ?"

"ते सगळ्यांसाठी आहे, आबा. करारच तसा आहे."

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री दार त्यांनी स्वतः लावून घेतलं होतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, पाळकसाहेबांनाही माहीत होतं.

"त्या दिशी सगळ्यांचं न्हवतं," ते म्हणाले.

 पाळकसाहेबांनी प्याला बाहेर नेऊन रिकामा केला, भाकर पुन्हा फडक्यात घेतली आणि गाठ मारायला लागले. ती त्यांना जमेना. मी मारून दिली.